बारा गाणी आणि उरलेली पाच : जाक ब्रेलच्या शेवटच्या ध्वनिमुद्रिकेविषयी

आजचा विषय एक ध्वनिमुद्रिका आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने ध्वनिमुद्रिकेवर काय बोलायचं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आम्हाला या ध्वनिमुद्रिकेत एक जुनाच प्रश्न दिसतो. कलावंताने ‘हे बाहेर काढू नका’ म्हणून सांगितलेली गोष्ट त्याच्या मागे बाहेर काढली, तर नक्की कोणाचं काय बिघडतं? आणि काही बिघडत असेल, तर आपण ती ऐकावी की नाही? प्रश्न हवेतला नाही, कारण ती गोष्ट आज कोणालाही मोबाइलवर मिनिटभरात ऐकता येते.

गायक जाक ब्रेल. जन्म ८ एप्रिल १९२९, ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात. घराणं मूळचं फ्लेमिश, घरातली भाषा फ्रेंच, वडिलांचा पुठ्ठ्याच्या कारखान्यात वाटा. तो पुठ्ठा सोडून हा माणूस पॅरिसला गेला आणि ‘शांसों’ या गीतप्रकारातला मोठा माणूस झाला. शांसों म्हणजे शब्दप्रधान गाणं. आपल्या भावगीताच्या जवळचं म्हणता येईल, पण एक फरक आहे. शांसोंचा गायक बहुधा स्वतःच कवी असतो आणि गाताना तो पात्र होऊन उभा राहतो. ब्रेल तर रंगमंचावर घामाने निथळायचा. १९६६ मध्ये ऑलिम्पिया नाट्यगृहात त्याने निरोपाचे कार्यक्रम केले आणि १९६७ च्या मे महिन्यात रूबे या गावी शेवटचा कार्यक्रम करून रंगमंच सोडला. वय अडतीस. आवाज गेला नव्हता, लोक कंटाळले नव्हते. थांबायचं कधी हे या माणसाला स्वतः ठरवायचं असे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे त्याने संगीतिका केली, सिनेमे केले, विमान चालवलं, शिडाची नाव घेतली. १९७४ मध्ये नाव घेऊन निघाला आणि त्याच वर्षी फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, डाव्या फुफ्फुसाचा भाग काढला. तरी गडी पुन्हा नावेवर चढला आणि अटलांटिक, पनामा करत १९७५ च्या अखेरीस पॅसिफिकमधल्या मार्कीझ बेटांपैकी हिवा ओआ या बेटावर पोचला. तिथेच राहिला. छोटं विमान घेतलं, त्यातून बेटाबेटांवरची टपाल आणि माणसं ने-आण करू लागला. विमानाचं नाव ‘जोजो’. तो त्याचा जिवलग मित्र झॉर्झ पास्किए. तो १९७४ मध्ये वारला होता.

या बेटावर गाणी लिहिली गेली आणि १९७७ च्या शरदात ब्रेल ती घेऊन पॅरिसला आला. नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका १९६८ नंतर झालीच नव्हती. १९७२ मध्ये त्याने काही जुनी गाणी नव्या वाद्यमेळासह पुन्हा मुद्रित केली होती, तेवढंच. म्हणजे बघा, जुन्या कामाला पुन्हा हात लावण्याचं ब्रेलला वावडं नव्हतं. फक्त तो हात त्याचा होता.

स्टुडिओत जुनेच सोबती. संगीतरचना आणि वाद्यवृंद फ्राँस्वा रोबेरकडे, पियानोवर झेरार झुआने. ब्रेलची पद्धत अशी की वाद्यवृंदाबरोबर एकत्र उभं राहून गायचं. वाद्यं आधी भरून घ्या, आवाज मागून चिकटवा, हे त्याला रुचत नसे. दोन्ही फुफ्फुसं धड नाहीत आणि समोर वाद्यवृंद. त्या दिवसांत एकूण सतरा गाणी मुद्रित झाली. त्यातली बारा घेऊन १७ नोव्हेंबर १९७७ ला ध्वनिमुद्रिका निघाली.

तिच्या विक्रीची कथा थोडक्यात सांगतो. ब्रेलला गाजावाजा नको होता, मुलाखती नको होत्या. कंपनीचे मालक एदी बार्कले यांनी त्या ‘नको’चाच गाजावाजा केला. तबकड्या कुलूपबंद पेट्यांतून दुकानांकडे गेल्या आणि कुलपाचे आकडे ठरल्या वेळी कळवण्यात आले. आगाऊ मागणी दहा लाखांच्या घरात. मौनाची जाहिरात करता येते, हे आज आपल्याला नवीन नाही. ब्रेल या प्रकाराने चिडला होता, आणि मुखपृष्ठ पाहिलं की त्याची चीड समजते. निळं आकाश, ढग आणि त्यात ‘ब्रेल’ ही अक्षरं. बाकी काही नाही, चेहरासुद्धा नाही. ध्वनिमुद्रिकेचं नावही तेवढंच, ‘ब्रेल’. आज सगळे तिला ‘ले मार्कीझ’ म्हणतात, ते नाव मागून आलं. पुनःप्रकाशन इथूनच सुरू होतं, नावापासून.

आता गाण्यांकडे. बाराही गाणी सारख्या तोलाची नाहीत, हे आधी सांगून टाकू. ‘सिंह’ हे गाणं विनोदी आहे, पण एकदा ऐकलं की संपतं. वॉर्सोच्या तटबंदीचं गाणं रंगतं ते त्याच्या यमकांमुळे. आणि ‘ले एफ’ हे फ्लेमिश राष्ट्रवाद्यांवरचं गाणं. त्याने बेल्जियममध्ये मोठं वादळ उठवलं. आम्हाला ते गाणं कधी आवडलं नाही. राजकीय मत पटतं की नाही हा मुद्दा सोडा. ज्या माणसाने १९६१ मध्ये ‘मारीके’त फ्रेंच आणि फ्लेमिश एकाच गाण्यात नांदवल्या आणि १९६२ मध्ये त्या सपाट प्रदेशावर इतकं मायेचं गाणं लिहिलं, त्याचा राग इथे शिवीच्या पातळीवर थांबतो. राग जेव्हा विचार करत नाही तेव्हा गाण्याची चाल त्याला वाचवू शकत नाही. ‘शहर झोपी जात होतं’ या सुंदर गाण्यातही मध्येच बायकांवर एक टोमणा येतो. झाँ फेरा याने १९७५ मध्ये आरागाँच्या विचारावरून स्त्रीला पुरुषाचं भविष्य ठरवणारं गाणं केलं होतं, त्याला हा चिमटा. काढला नसता तरी गाण्याचं काही बिघडलं नसतं!

पण सुरुवात बघा. पहिलं गाणं ‘झोरेस’. झाँ झोरेस, फ्रेंच समाजवादी पुढारी. ३१ जुलै १९१४ ला पॅरिसच्या एका कॅफेत त्याला गोळी घातली आणि पुढच्या काही दिवसांत महायुद्ध पेटलं. ब्रेल त्याची थोरवी गात नाही. तो आपल्या आज्यापणज्यांच्या पिढीबद्दल बोलतो, कामाने वेळेआधी म्हातारी झालेली माणसं, मालकाशी अदबीने बोलणारी माणसं. आणि मग विचारतो, की त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या एकाला का मारलं? उत्तर नाही. अकॉर्डियनची साथ, जवळजवळ संथ वॉल्ट्झ, आवाज कुठेही चढवलेला नाही. दहा वर्षांनी परतलेला माणूस पहिल्याच गाण्यात स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही.

आणि शेवट ‘ले मार्कीझ’. पाऊस, समुद्र, घोडे, गोगँचं नाव, नावाडी, आणि थांबल्यासारखी वाटणारी वेळ. वाद्यवृंद लाटेसारखा भरतो आणि ओसरतो. रडगाणं इथे शोभत नाही, अशा भावावर गाणं संपतं आणि ध्वनिमुद्रिकाही संपते. मीमांसकांनी ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यातली पहिली उपक्रम आणि उपसंहार. आरंभ कुठे केला आणि शेवट कुठे नेला, हे जोडून पाहा म्हणजे ग्रंथाला काय म्हणायचंय ते कळतं. इथे ती खूण चपखल लागू पडते. आरंभी इतिहास, अन्याय, अनुत्तरित प्रश्न. शेवटी इतिहास जवळजवळ नसलेलं बेट. मधल्या गाण्यांत म्हातारपण, देव, विमानतळावरची ताटातूट, मित्राचं रडणं, मेलेल्या जोजोशी रात्रीच्या गप्पा. एका जागेहून दुसऱ्या जागी नेणारी ही वाट आहे.

अजून एक बारीक गोष्ट. तबकडीला दोन बाजू असतात. पहिली बाजू ‘ऑर्ली’ या गाण्यावर संपते. विमानतळावर हजारो माणसं आहेत आणि निवेदकाला दोघंच दिसतात, निरोप घेणारी. तो जातो, ती उरते. गाणं चढत चढत एका टोकाला जातं आणि सुई उचलली जाते. मग तुम्ही उठता, तबकडी उलटी करता, पुन्हा बसता. तेवढा श्वास रचनेतच ठेवलेला होता. सीडीवर ‘ऑर्ली’ संपताच काही क्षणांत वॉर्सोच्या तटबंदीची थट्टा सुरू होते. सभागृहात कोणी गंभीर होऊन बसलंय आणि शेजारच्याने वडा पुढे करावा तसं होतं. (हशा)

आता पुनःप्रकाशन. ब्रेल ९ ऑक्टोबर १९७८ ला पॅरिसजवळ बोबिन्यीच्या रुग्णालयात वारला. ध्वनिमुद्रिकेला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आतुओनाच्या दफनभूमीत त्याला पुरलं, गोगँच्या जवळ. सतरातली जी पाच गाणी राहिली, ती मनासारखी उतरली नाहीत, बाहेर काढू नका, असं तो बार्कलेला सांगून गेला होता. बार्कलेने शब्द पाळला. पुढे कंपनी विकली गेली, आणखी मोठ्या कंपनीत गेली, आणि २००३ मध्ये, पंचविसाव्या स्मृतिवर्षात, ती पाच गाणी बाहेर आली. दोन सीडींच्या एका निवडक संग्रहात आली, आणि सोळा सीडींच्या समग्र पेटीत ‘ले मार्कीझ’च्या तबकडीवर बारा गाण्यांच्या मागे जोडून आली.

कारण तसं साधं आहे. सीडीवर सत्तर-पंचाहत्तर मिनिटं मावतात, जुनी तबकडी त्याच्या निम्म्या-पाऊण वेळाची. मोकळी जागा दिसली की व्यापाऱ्याला ती भरावीशी वाटते. आणि ज्याने ती ध्वनिमुद्रिका आधीच घेतलीय त्याने पुन्हा घ्यावी, तर नवं काहीतरी लागतंच.

कायद्याचं म्हणाल तर फ्रेंच कायद्यात, म्हणजे मुळात ११ मार्च १९५७ च्या लेखकहक्काच्या कायद्यात, कृती प्रकट करायची की नाही हा हक्क फक्त कर्त्याचा मानला आहे. त्याच्या मागे तो वारसांकडे जातो, आणि वारसांनी त्याचा उघड गैरवापर केला तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकतं. योगायोग असा की आपला कॉपीराइट कायदाही १९५७ चाच. त्याच्या ५७ व्या कलमात नाव लावण्याचा हक्क आणि कृतीची मोडतोड न होण्याचा हक्क आहे. प्रकट न करण्याचा हक्क मात्र तिथे वेगळा सांगितलेला नाही. पण कायदा फक्त इतकंच सांगतो की ‘हो’ कोण म्हणू शकतं. ते ‘हो’ योग्य होतं का, हे तो सांगत नाही.

अशा वेळी लोक लगेच काफ्का काढतात. काफ्काने माक्स ब्रोडला सगळं जाळायला सांगितलं, ब्रोडने ऐकलं नाही, म्हणून आपल्याला ‘द ट्रायल’ मिळाली. मग ब्रेलचीच पाच गाणी का अडवायची? हा युक्तिवाद आम्हाला ढिसाळ वाटतो. ब्रोडने काफ्काला त्याच्या हयातीतच सांगितलं होतं की मी हे करणार नाही. तरी काफ्काने दुसरा माणूस नेमला नाही. तिथे इच्छेतच दुभंग होता. शिवाय काफ्काचा हुकूम नष्ट करण्याचा होता, आणि तो पाळला असता तर बरंच काही हातचं गेलं असतं. ब्रेलचं तसं नाही. सतरा गाणी समोर ठेवून, जुन्या सोबत्यांच्या संगतीत, त्याने बारा उचलली. हा विध्वंस नव्हे, ही निवड आहे. निवड हा रचनेचाच भाग असतो. शिल्पकाराने काढून टाकलेला दगड मूर्तीशेजारी मांडून ‘ही अधिक संपूर्ण मूर्ती’ असं कोणी म्हणत नाही.

उलट बाजूने एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ब्रेलने मुद्रणं नष्ट केली नाहीत. कुलूप लावून ठेवलं. कधीच नको असतं तर पुसून टाकायला सांगितलं असतं. इथे न्यायवैशेषिकांचं एक हत्यार कामी येतं. त्यांनी अभावाचे प्रकार पाडले. घडा घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव तो प्रागभाव; त्याला आरंभ नाही, पण घडा झाला की शेवट आहे. आणि जे कधीच कुठे असणार नाही त्याचा अत्यंताभाव. ब्रेलचं ‘नको’ कोणत्या जातीचं? मुद्रणं राखली, म्हणजे ‘अजून नाही’ या जातीचं. म्हणजे प्रागभाव. मग प्रकाशकाचे वकील म्हणतील, ठीक आहे, २००३ मध्ये आम्ही तो प्रागभाव संपवला!

पण नाही संपवला. प्रागभाव ज्याचा असतो, त्याच वस्तूने तो संपतो. ब्रेल ज्यांची वाट पाहत होता ती गाणी म्हणजे त्याच्या समाधानाची झालेली पाच गाणी. ती कधीच झाली नाहीत, आणि ९ ऑक्टोबर १९७८ नंतर होऊ शकणारही नव्हती. बाहेर आले ते त्यांचे खर्डे. खर्डा प्रकाशित करण्यात पाप आहे असं आम्ही म्हणत नाही. कवीच्या वह्या अभ्यासकाने पाहाव्यात, आम्ही स्वतः पाहतो. पण खर्ड्याला खर्डा म्हटलं पाहिजे, आणि तो पक्क्या प्रतीच्या पोटात शिवू नये.

आणि मृताचं नुकसान होतं का? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात हा प्रश्न चाचपला आहे. वंशजांच्या बऱ्यावाईटाचा मेलेल्यावर काही परिणाम होतो का? त्याचं उत्तर सावध आहे, होत असेल तर अगदी थोडा. आम्हाला वाटतं, गायकाच्या बाबतीत आपण थोडं जास्त म्हणू शकतो. गायकाचा आवाज म्हणजे त्याचं शरीर. त्या शरीराने एका दमात म्हटलेलं आणि ‘हे नको’ म्हटलेलं आपल्या कानात वाजतं, तेव्हा निदान त्याच्या शब्दाचा मान राहिलेला नसतो. शब्द देणारा बार्कले होता, आणि कंपनी विकताना तो शब्द विक्रीच्या यादीत नव्हता.

इतकं बोलल्यावर तुम्ही विचाराल, तुम्ही ऐकली का ती पाच? ऐकली. आणि ऐकली म्हणूनच ब्रेलची निवड आम्हाला कळली.

‘रुबाबाने’ हे गाणं उतरत्या वयाबद्दल आहे, आशा सुटलेली पण ऐट न सुटलेली माणसं. चांगलं आहे. पण बारांमध्ये ‘म्हातारं होणं’ आधीच आहे, आणि त्यात तोच विषय टोकदार, हसऱ्या, जवळजवळ निर्लज्ज सुरात येतो. दुसरं घेतलं असतं तर पहिल्याची धार गेली असती. ‘मे ४०’ म्हणजे जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या तेव्हाचं, अकरा वर्षांच्या पोराच्या नजरेतलं. विषय दांडगा. पण १९६७ च्या ‘माझं बालपण’मध्ये त्याने तेच युद्ध अगदी शेवटी, दारावर थाप पडावी तसं आणलं होतं. ती थाप इथे विस्तारात हरवते. ‘प्रेम मेलंय’ आणि ‘काही न मागता’ ही दोन्ही संपलेल्या नात्यांची गाणी, आणि ‘ऑर्ली’पुढे दोन्ही स्पष्टीकरणासारखी वाटतात. ‘ऑर्ली’त ती दोघं का वेगळी झाली हे शेवटपर्यंत कळत नाही. इथे कळतं, आणि कळण्याने काही मिळत नाही.

राहिलं ‘कॅथीड्रल’. हे पाचांतलं सर्वांत मोठं गाणं, आमच्या मते बारांतल्या काहींहून सरस. कल्पना अशी की एक कॅथीड्रल घ्या, तिला डोलकाठ्या द्या, शिडं द्या, दोर द्या, आणि सोडा समुद्रात. चर्चचं जहाज! ‘देवबाप्पा’सारखं गाणं लिहिणाऱ्या माणसाने दगडी देवळाला अखेर पाण्यात ढकलावं, यात किती गंमत आहे. ‘सिंह’ ठेवला आणि ‘कॅथीड्रल’ गाळलं? पहिल्यांदा ऐकताना हा अन्यायच वाटतो. पण ते बारांत बसवून बघा. कुठेही बसवलं तरी ध्वनिमुद्रिकेत प्रवास येतो. आणि मग शेवटचं ‘ले मार्कीझ’ हे त्या प्रवासाचं मुक्कामाचं ठिकाण होतं, जहाज निघालं आणि बेटावर लागलं. आता आहे तसं ऐकलं तर बेट एकदम येतं. कसं पोचलो ते कोणी सांगत नाही. झोरेसच्या प्रश्नापासून त्या बेटापर्यंत ऐकणाऱ्याने स्वतःच जायचं आहे. ब्रेलच्या मनात हेच होतं असा आमचा दावा नाही. रचना असं बोलते, एवढं मात्र नक्की.

२००३ च्या तबकडीवर मात्र काय होतं? बेट येतं, लाट ओसरते, आणि जिथे शांतता हवी तिथे पाच गाणी ओळीने येतात. भर्तृहरीने सांगितलंय की वाक्याचा अर्थ अखंड उमगतो, आणि तो उमगायला शेवटचा वर्ण पडावा लागतो. शेवटच्या वर्णानंतर कोणी आणखी वर्ण घालू लागला तर जुनं वाक्य लांबत नाही. ते वाक्य राहत नाही. सोळा सीडींच्या पेटीत सतरावी एक साधी सीडी ठेवून तिच्यावर ही पाच गाणी दिली असती, वर ‘अपुरी मुद्रणं’ असं लिहिलं असतं, तर आमची तक्रार निम्म्याहून कमी झाली असती.

तर ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी एवढंच. मोबाइलवर यादी उघडाल तेव्हा बहुधा सतरा दिसतील. भाषांतर हाताशी ठेवा, शब्दांशिवाय ब्रेल अर्धाच. सहाव्या गाण्यानंतर थांबा, चहा टाका. बाराव्यानंतर बंद करा. ‘कॅथीड्रल’ दुसऱ्या दिवशी, वेगळं, एकटं ऐका. आता प्रश्न असतील तर घेऊ. मागे हात वर दिसतोय, त्यांच्याकडे आधी माइक द्या.